कर्म गाळलेलं क्रियापद

शंकेखोर : आपल्या भिवंडीतल्या टेमघरात दिवसभरात एक इंग्रजी क्रियापद जितक्या वेळा ऐकू येतं, तितक्या वेळा ‘जेवणे’ आणि ‘झोपणे’सुद्धा येत नसतील. कल्याणला जाणाऱ्या शेअर रिक्षात चौथा माणूस आत शिरतो, ‘जरा ॲडजस्ट करा’. दुकानदाराकडे सुटे नसतात, ‘पुढच्या वेळी ॲडजस्ट करू’. नळाला पाणी कमी येतं, ‘दोन दिवस ॲडजस्ट करा’. उचल घेतलेल्या कामगाराला शेठ सांगतो, ‘पगारात ॲडजस्ट करून टाकू’. आणि लग्न ठरलेल्या मुलीला घरातल्या चार बायका एका सुरात सांगतात, ‘तिथं ॲडजस्ट करायचं हं’. आयुष्यभर मराठी शिकवलं असलं, तरी शब्द परका आहे म्हणून मला त्याचा राग नाही. पण बघ, या पाच वाक्यांत जागा मागितली, पैसे मागितले, धीर मागितला, घामाची कमाई मागितली आणि एका मुलीचं उरलेलं आयुष्य मागितलं. मागणी एवढी वेगवेगळी, शब्द मात्र एकच. असा शब्द दिसला की मला संशय येतो. त्याच्याआड काहीतरी सरकवलं जातंय.

कैवारी : बाई, तुमचा संशय रिक्षातून सुरू होतो. माझी या शब्दाशी ओळख लूमखाली झाली, म्हणून आपली मतं जुळत नसतील. साध्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मागं उभे धागे गुंडाळलेलं बीम असतं. बीमच्या टोकाला साखळी वेढलेली असते, ती एका दांड्याला अडकवतात आणि दांड्यावर वजन टांगतात. त्या वजनामुळं बीम सैल फिरत नाही, धागा ताणलेला राहतो. आता कापड विणलं जातं तसं बीम रिकामं होतं, त्याचा घेर कमी होतो. वजन जागच्या जागी ठेवलं, तर घेर कमी होईल तसा धाग्यावरचा ताण वाढतो आणि धागे तुटायला लागतात. म्हणून वजन दांड्यावर थोडं थोडं आत सरकवावं लागतं. जास्त सरकवलं तर धागा ढिला पडतो आणि कापड बिघडतं. हे सरकवणं म्हणजे ॲडजस्ट करणं. तुम्ही म्हणाल, याला मराठी शब्द वापर. कोणता वापरू? ‘दुरुस्त करणे’ म्हटलं तर आधी काहीतरी मोडलेलं हवं. इथं काहीच मोडलेलं नाही. ‘बसवणे’ म्हटलं तर एकदा बसवलं की काम संपलं. इथं बीम संपेपर्यंत काम संपत नाही. परिस्थिती हळूहळू बदलत असते आणि आपण तिच्यामागं हळूहळू सरकत असतो, हा अर्थ या एका शब्दात आहे. भिवंडीच्या लाखो लूमांनी तो शब्द कष्टानं कमावलाय.

शंकेखोर : तुझं उदाहरण मला मान्य आहे, पण ते माझ्याच बाजूनं बोलतंय. लूमवरच्या वाक्याला व्याकरणाचे प्रश्न विचार. काय ॲडजस्ट करायचं? वजन. किती? धागा तुटू नये आणि ढिलाही पडू नये, इतकं. कोण करणार? लूमची देखभाल करणारा जॉबर. कर्ता, कर्म, माप, सगळं समोर आहे. पाण्याचं उदाहरण घे. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी आपल्या इथं टेमघरच्या केंद्रात शुद्ध होतं. शहाड आणि टेमघर या दोन नावांची इंग्रजीतली सुरुवातीची अक्षरं धरूनच त्या संस्थेला सगळे ‘स्टेम’ म्हणतात. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि मधली कितीतरी गावं ते पाणी पितात. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की अशा कुठल्याही केंद्रात गाळ खाली बसवणाऱ्या रसायनाची मात्रा वाढवावी लागते. ती अंदाजानं नाही वाढवत. एकाच पाण्याचे सहा-आठ नमुने भांड्यांत घेतात, प्रत्येकात वेगळी मात्रा घालतात, ढवळतात आणि कुठल्या भांड्यात गाळ नीट बसला ते बघून मात्रा ठरवतात. तिथला रसायनतज्ज्ञ ‘डोस ॲडजस्ट केला’ म्हणतो, तेव्हा त्याला आकडा सांगता येतो. आता तेच पाणी नळातून बाहेर पडताना कमी आलं आणि चाळीतल्या बाईला सांगितलं, ‘ॲडजस्ट करा’. काय ॲडजस्ट करायचं? धुणं, आंघोळ, की पहाटेची झोप? ते तिचं तिनं शोधायचं. केंद्राच्या भिंतीआड ज्या क्रियापदाला कर्म होतं, ते बाहेर येताना कर्म आत ठेवून आलं.

कैवारी : कर्म आपण गाळलं असा तुमचा आरोप असेल तर तो आधी इंग्रजांवर करा. मी कोश चाळलाय. या शब्दाचा मूळ अर्थ यंत्राशी संबंधित नाहीच. उत्तरकालीन लॅटिनमध्ये एक क्रियापद होतं, ‘अद्’ म्हणजे कडे आणि ‘युक्स्ता’ म्हणजे शेजारी, दोन्ही मिळून ‘शेजारी आणणे’. तिथून ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘जोडणे’ या अर्थानं आलं आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. सतराव्या शतकात इंग्रजीत त्याला ‘एखादी वस्तू ठरलेल्या मापाबरहुकूम लावणे’ हा अर्थ पक्का झाला, अठराव्या शतकात विमेवाले नुकसानीचा हिशेब मिटवायला तोच शब्द वापरू लागले, आणि माणसानं स्वतःच परिस्थितीला सरावणं हा अर्थ रुळला विसाव्या शतकात. म्हणजे वस्तू गेली, हिशेब गेला आणि माणूस आला, ते तिकडेच झालं. पण मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. ‘जागा करून द्या’ हा अर्थ विलायतेत कुणाला पटकन कळत नाही, तो आपला. इंग्रजी शिकलेले लोक हसतात त्याला. आणि तो अर्थ नेमका काय सांगतो? एका माणसाला दुसऱ्याच्या शेजारी आणा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा मूळ अर्थ लंडननं हरवला आणि आपल्या रिक्षानं शोधून काढला!

शंकेखोर : शाबास. पण उगमाकडे निघालास तर अर्ध्या वाटेवरून परत फिरू नकोस. ‘युक्स्ता’चं मूळ म्हणजे जोडणे या अर्थाचा धातू, आपल्या संस्कृतातल्या ‘युज्’चा भाऊबंद. त्यातून आपला ‘योग’ आला, ‘युग’ आला, आणि त्या ‘युग’वरून बैलाच्या मानेवरचं ‘जू’ आलं. शेजारी आणणं म्हणजे नेहमी मांडीला मांडी लावून गप्पा मारणं नसतं. दोन बैलही शेजारीच आणतात, तिसऱ्याचं शेत नांगरायला. दुसरं, त्याच लॅटिन शब्दातून फ्रेंचांनी आणखी एक क्रियापद काढलं, जे इंग्रजीत ‘जाउस्ट’ झालं. घोड्यावर बसलेले दोन सरदार भाले रोखून एकमेकांवर धावून जायचे, त्या झुंजीचं नाव. शेजारी येणं म्हणजेच भिडणं. आपल्याकडंही बघ, बैल जुंपतात आणि भांडणात दोघांची जुंपतेही. जवळ आणण्यातून सहवास आणि झुंज या दोन्ही वाटा निघतात, हे दोन्ही भाषांना ठाऊक होतं. ‘ॲडजस्ट’नं यातली एकच वाट उघडी ठेवली. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फ्रेंच आणि इंग्रजी पंडितांना या शब्दात लॅटिनमधला ‘युस्तुस’, म्हणजे न्याय्य, हा शब्द दिसायला लागला. नातं खोटं होतं, पण त्या भासानं शब्दाचं स्पेलिंगही वळलं आणि अर्थही वळला. फ्रेंचांनी पुढं तो फाजील ‘द’ टाकून दिला, इंग्रजांनी ठेवला. म्हणून ‘ॲडजस्ट’ म्हटलं की कानाला ‘जस्ट’ ऐकू येतं, काहीतरी योग्य, रास्त, न्यायाचं घडतंय असं वाटतं. न्यायाशी काडीचं नातं नसलेल्या शब्दानं न्यायाचा अंगरखा घातलाय.

कैवारी : मुळावरून माणसाचं घराणं कळतं, वागणूक कळत नाही, हे तुम्हीच वर्गात सांगायचात. शब्दाचंही तसंच नाही का? आज तो काय काम करतो ते बघू. भिवंडीत कोण कोण राहतं? मराठी बोलणारे आगरी-कोळी, उर्दू बोलणारे मोमीन, ज्यांचे पूर्वज उत्तरेतून हातमाग घेऊन आले, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, आणि लूमवर दिवसाचे बारा तास उभे राहणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. रिक्षात हे सगळे मांडीला मांडी लावून बसतात. मराठी माणूस म्हणतो ‘ॲडजस्ट करा’, हिंदीवाला ‘ॲडजस्ट कर लो’, तेलुगू बाई ‘ॲडजस्ट चेसुकोंडी’. बंगळुरात ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ हे तर त्या शहराचं ब्रीद मानतात. प्रत्येक भाषेनं शब्द तोच ठेवला आणि मागं आपलं ‘करणे’ जोडलं. आता इथं शुद्ध मराठीत काय म्हणू? ‘सरका’ म्हटलं तर हुकूम झाला. ‘सरकता का’ म्हटलं तर समोरचा ‘नाही’ म्हणायला मोकळा, मग मान गेला. ‘सांभाळून घ्या’ म्हटलं तर मी मोठा उपकार मागतोय. ‘ॲडजस्ट करा’त कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. कुणी किती सरकायचं हे मी सांगत नाही, ज्याला जितकं जमेल तितकं त्यानं सरकायचं. तुम्ही ज्याला कर्म गाळणं म्हणता, ते माझ्या मते समोरच्याच्या शहाणपणावर सोडणं आहे. परक्यांच्या शहरात कर्म सांगायचं नसतं, बाई. सांगितलं की भांडण.

शंकेखोर : परक्यांच्या शहरात हा शब्द तेल घालतो, हे मी मान्य करते. पण मग तो घरात का शिरला? घरात तर परकं कोणी नाही. आपल्याकडं त्यासाठी ‘तडजोड’ हा शब्द होताच. तो आणि हा सारखे नाहीत, व्याकरण लावून बघ. ‘आमच्यात तडजोड झाली’ असं म्हणता येतं. ‘आमच्यात ॲडजस्ट झालं’ म्हणून बघ, जीभ अडखळते. तडजोड दोघांत होते, दोघांनाही काहीतरी सोडावं लागतं, आणि नाही जमलं तर तडजोड फिसकटते असंही म्हणायची सोय आहे. ॲडजस्ट एकट्यानं करायचं असतं. ‘ती सासरी ॲडजस्ट झाली’ म्हणतो आपण. ‘सासर ॲडजस्ट झालं’ असं वाक्य तू कधी ऐकलंस? ‘तिला ॲडजस्ट करावं लागलं’, यात ‘लागलं’ कशामुळं, कोणामुळं, ते येत नाही. ‘करणे’, ‘होणे’, ‘करून घेणे’, ‘करावं लागणे’, या सगळ्या रूपांतून एकच गोष्ट उरते, की एक बाजू स्थिर आहे आणि दुसरीनं हलायचं. लूमवरही तसंच. बीमचा घेर बदलला म्हणून वजन सरकतं, वजन सरकलं म्हणून बीम थांबत नाही.

कैवारी : पण सासरी वाकायला सांगणं या शब्दानं शिकवलं का? इंग्रजी यायच्या आधी मुलींना ‘सोस’, ‘निभावून ने’, ‘पदरी पडलं पवित्र झालं’ असंच सांगायचे ना? ‘सोसणे’ला तर कर्मही होतं, जाच, मार, उपास. कर्म उघड असून काय फायदा झाला? उलट मी म्हणेन, ‘ॲडजस्ट’ त्याहून सौम्य आहे. ‘सोस’ म्हणताना दुःख ठरलेलंच आहे. ‘ॲडजस्ट’ म्हणताना निदान एवढं गृहीत आहे की थोडं इकडं-तिकडं केलं तर बरं चालेल. आणि आजची मुलगी तेच उलटून विचारते, ‘तो करेल का ॲडजस्ट?’ ‘तो सोसेल का’ असं तिच्या आजीला विचारता आलं नसतं. शब्द नवा असल्यामुळं त्याच्यावर जुनी नाती अजून घट्ट बसलेली नाहीत.

शंकेखोर : हा मुद्दा चांगला आहे, मी तो बाजूला ठेवते, पुढं उपयोगी पडेल. पण ‘सौम्य’ म्हणालास, तिथं अडते. ‘सोस’ म्हणणाऱ्या बाईला माहीत असायचं की आपण लेकीला दुःखात ढकलतोय, आणि सांगताना तिचे डोळे भरून यायचे. ‘ॲडजस्ट कर’ म्हणणारीला ते जाणवत नाही. शब्द कानाला यंत्राच्या जगातला वाटतो, त्यामुळं त्यात कुणाचा अन्याय नाही, कुणाची चूक नाही, फक्त एक स्क्रू थोडा फिरवायचाय. दुखणं पुसून टाकणारी भाषा मला उघड कठोर भाषेपेक्षा घातक वाटते. म्हणूनच ‘ॲडजस्टमेंट’ हे नाम कुठं कुठं गेलंय बघ. पक्षांची ‘सीट ॲडजस्टमेंट’ होते, म्हणजे कार्यकर्त्यांच्या पाठीमागं वाटप. खात्यांत रकमा ‘ॲडजस्ट’ होतात. कुणी ‘ॲडजस्ट करा की साहेब’ म्हणालं की पाकिटाचा वास येतो. लाच म्हटलं तर गुन्हा, ॲडजस्टमेंट म्हटली तर व्यवहार.

कैवारी : मग घालवून द्यायचा का शब्द? प्रयत्न काही कमी झाले नाहीत. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज सरकारी कागदावर सर्रास दिसतात. पण लक्षात घ्या, जिंकलेले शब्द बहुतेक नामं आहेत. पदांची, खात्यांची, कागदांची नावं वरून हुकूम काढून बदलता येतात. क्रियापद बदलायचं तर माणसाचं रोजचं वागणं बदलावं लागतं. ‘बदलणे’ हा शब्दच बघा ना, ‘बदल’ अरबीतून फारसीमार्गे आला आणि आपण त्याला ‘णे’ लावून पक्का मराठी करून टाकला. ‘खर्चणे’, ‘फर्मावणे’ तसेच. शुद्धीवाल्यांना भाषा बदलायची होती, पण ‘बदलणे’ काही बदलता आलं नाही.

शंकेखोर : तूच दाखवलेल्या खुणेकडं परत बघ. फारसी शब्दांना आपण ‘णे’ लावला, आत घेतलं. ‘ॲडजस्ट’ला कोणी ‘ॲडजस्टणे’ म्हणत नाही. ‘गुगलणे’ म्हणणारी पोरं आहेत, पण हा एवढा जुना, एवढा घासलेला शब्द अजून ‘करणे’च्या कुबडीवर उभा आहे. मला वाटतं आपल्याला तो आत घ्यायचाच नाही. तो परका राहण्यातच सोय आहे. आपल्या शब्दाची जबाबदारी आपल्यावर येते, पाहुण्या शब्दाची येत नाही. आणि मी शब्द घालवायला निघाले नाही. मला त्यामागच्या विचाराशी भांडायचंय. १८६४ मध्ये हर्बर्ट स्पेन्सरनं जीवशास्त्रावरच्या ग्रंथात जीवनाची व्याख्याच अशी केली, की आतल्या संबंधांचं बाहेरच्या संबंधांशी अखंड ॲडजस्ट होत राहणं म्हणजे जगणं. स्पेन्सर आपल्या पहिल्या पदवीधर पिढीनं खूप वाचला. पण त्याच स्पेन्सरचे वाचक असलेले आगरकर काय करतात? १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढतात आणि पुण्याच्या सनातन्यांशी असं भांडतात की लोक त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढतात. आगरकर ॲडजस्ट झाले असते तर आज तुझ्या लेकीला शाळेत घालताना तुला विचार करावा लागला असता.

कैवारी : पण आगरकरांनीही काहीतरी ॲडजस्टच केलं की. स्पेन्सरच्या वाक्यात कोणी कोणाकडं सरकायचं ते ठरवलेलं आहे, आतल्यानं बाहेरच्याकडं. आगरकर म्हणाले, बाहेरचं आतल्याकडं सरकवू. समाजाला माणसाच्या विवेकाशी ॲडजस्ट करू. म्हणजे तुमचा आक्षेप क्रियापदावर नाही, दिशेवर आहे.

शंकेखोर : इथं आपण पहिल्यांदा एका जागी आलो. हो, दिशेवर. १९२३ मध्ये बोले यांच्या ठरावानं मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं होतं. तरी अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही, दुसरीकडून भागवायचं, हेच चालू राहिलं. आजच्या भाषेत, ॲडजस्ट करायचं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, आणि पुढं दहा वर्षं कोर्टात लढून १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल मिळवला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांच्याच आवडत्या शब्दावर बोट ठेवलं. तुमच्या शास्त्रात न जुळणाऱ्या माणसाला रोगी म्हणतात, पण समाजातल्या काही गोष्टींशी आपण कधीच जुळवून घेता कामा नये, अशा आशयाचं ते बोलले. आपल्या जिल्ह्यातही तेच बघ. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून इथून मुंबईला जातंय, पुढं त्यात वैतरणा आली, भातसा आली. आणि ज्या शहापूर तालुक्यात यातली बहुतेक धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. शतकभर एकच बाजू ॲडजस्ट होत आली असेल, तर ते ॲडजस्ट करणं राहत नाही. आणि पाण्याचं माप कुणी ठरवलं, हे त्या शब्दातून कधीच कळत नाही.

कैवारी : हे सगळं खरं आहे. पण तुम्ही फक्त झुंजीच्या बाजूनं उदाहरणं देताय, तर मी आपल्याच गावचं दुसऱ्या बाजूचं देतो. १९७० आणि १९८४ च्या दंगली या शहरानं पाहिल्या. आमच्या घरात अजून त्या वर्षांची नावं हळू आवाजात घेतात. १९८४ नंतर सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकाच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, पानवाला, विणकर, मास्तर, आठवड्या-पंधरवड्याला पोलिसांसमोर एकत्र बसायचे. मिरवणूक कुठल्या गल्लीतून जाईल, वाद्यं कुठं थांबतील, नळावरचं भांडण कोण मिटवेल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली आणि भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना धास्ती होती, ती शांत राहिली. ते काय होतं? न्याय? नाही. कुणी कुणाला जुन्या जखमांचा हिशेब दिला नाही. ते ॲडजस्ट करणंच होतं, शेजारी येऊन बसणं आणि थोडं थोडं सरकणं. जिथं न्यायाला वीस वर्षं लागतात, तिथं उद्याची सकाळ याच शब्दानं निभते.

शंकेखोर : ती समिती मी नाकारत नाही, तिच्यामुळं शाळा उघडी राहिली. पण तिथं काय वेगळं होतं ते बघ. दोन्ही बाजू समोरासमोर होत्या. एकानं दुसऱ्याला ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हटलं, तर दुसरा लगेच म्हणू शकत होता, ‘या वर्षी तुम्ही करा’. आता मघाशी बाजूला ठेवलेला तुझा मुद्दा घेते, त्या मुलीचा, जी ‘तो करेल का ॲडजस्ट?’ असं विचारते. मला यातून एक कसोटी सुचते. वाक्य उलटवून बघायचं. ज्याला ‘ॲडजस्ट कर’ सांगितलंय, त्याला तेच वाक्य सांगणाऱ्याला परत सांगता येतं का? रिक्षात येतं, ‘तुम्हीच दुसरी बघा ना’. समितीत येतं. सुटे नसलेल्या दुकानदाराला गिऱ्हाईक परत सांगू शकतं. ‘पगारात ॲडजस्ट करू’ म्हणणाऱ्या शेठला कामगार परत सांगू शकत नाही. पाणी खात्याला चाळीतली बाई सांगू शकत नाही. बहुतेक सुना अजूनही सांगू शकत नाहीत. उलटतं तिथं ते सौजन्य आहे. उलटत नाही तिथं तो हुकूम आहे, आणि हुकमाला हुकूम म्हटलेलं बरं.

कैवारी : कसोटी चांगली आहे. तीन-चार दिवस वापरून बघितली तर निम्मी वाक्यं तिच्यात पकडली जातील. पण ती एका ठिकाणी फसते, आणि ते ठिकाण इथून पाच मिनिटांवर आहे. लूमच्या कामगारांच्या खोल्या. एका खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले. सकाळी एक उठतो, त्याच सतरंजीवर दुसरा आडवा होतो. बलियाचा माणूस करीमनगरच्या माणसाला म्हणतो ‘ॲडजस्ट कर लो’, आणि करीमनगरवाला बलियावाल्याला तेच म्हणतो. वाक्य दोन्ही बाजूंनी उलटतं, रोज उलटतं. दोघं बरोबरीचे आहेत, दोघं एकमेकांसाठी खरोखर सरकतात, आणि त्यांच्यातला हा समजूतदारपणा बघून मला अभिमान वाटतो. पण ते दोघं ज्याच्या मापानं सरकतायत, ते भाडं आणि ती मजुरी ठरवणारा त्या खोलीत नाहीच. तो त्यांना ‘ॲडजस्ट करा’ असं कधी म्हणालेला नाही. तुमच्या कसोटीनं हे सौजन्य ठरतं. आणि ते आहेही.

शंकेखोर : माझेच दोन बैल आले हे, शेत तिसऱ्याचं. म्हणजे वाक्य उलटतं की नाही एवढं विचारून भागणार नाही. माप कुणाचं, हेही विचारावं लागेल. आणि ते माप धरणारा संवादाबाहेर असेल, तर दोघांचं एकमेकांशी जितकं छान जमेल तितकं त्याचं काम सोपं होईल. ते दोघं भांडले असते तर कदाचित खोलीचा प्रश्न मालकापर्यंत गेला असता.

कैवारी : किंवा त्यांच्यातला एक रात्री रस्त्यावर झोपला असता, आणि मालकाला कळलंही नसतं. हीच माझी अडचण आहे, बाई. तुम्ही म्हणाल तसं माप विचारायला ते थांबले, तर आजची झोप जाते. न विचारता सरकले, तर माप तसंच राहतं. तुमचं व्याकरण मला पटलं, यापुढं हा शब्द ऐकला की मी कर्म शोधेन. पण त्या खोलीत जाऊन त्यांना ‘ॲडजस्ट करू नका’ असं सांगायची माझी हिंमत नाही. तुमची आहे?

शंकेखोर : नाही. पण त्यांच्या त्या जमवून घेण्याचं कौतुक करायचीही माझी तयारी नाही. आपण दोघं त्यांच्याबद्दल इथं बसून बोलतोय, तेही मापाच्या बाहेर बसूनच. हा शब्द चुकीचा आहे असं मी आता म्हणणार नाही. तो कुणी उच्चारायचा आणि कुणी नाही, एवढाच वाद आता माझ्याकडं उरलाय, आणि त्यात माझी स्वतःची जागा कोणती, ते अजून ठरायचंय.